शहर किती मोठे असावे?



उसाची लागण करण्यापूर्वी आपण विहिरीचे उन्हाळ्यातील पाणी पाहतो आणि मगच किती एकर लावायचा ते ठरवतो. शहराचे आकारमानही असेच ठरवायला हवे.

इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्ड यांनी १८९८ साली असा हिशेब मांडला. ६,००० एकर जमीन घ्यावी, मधल्या १,००० एकरांवर शहर वसवावे आणि भोवतालची ५,००० एकर शेतीसाठी कायम राखावी. वस्ती ३२,००० झाली की शेतीपट्ट्यापलीकडे दुसरे शहर वसवावे. शहरातील केरकचरा व मैला शेतीला खत म्हणून जावा. या विचारातून १९०३ मध्ये लेचवर्थ शहराची सुरुवात झाली.

हा आकडा आपल्याकडे लागू होणार नाही. पद्धत मात्र घेण्यासारखी आहे. मलनिस्सारणाची सोय असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. १० लाख वस्तीला वर्षाला सुमारे ४.९३ कोटी घनमीटर, म्हणजे १.७४ टीएमसी पाणी लागते. गळती वेगळीच. पिकाला हंगामात ५० सें.मी. पाणी धरल्यास शेतात पोचलेल्या एवढ्याच पाण्यावर सुमारे ९,८५० हेक्टर भिजते.

पुण्याजवळच्या खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर या चार धरणांचा साठा सुमारे २९ टीएमसी आहे. त्यावर पुणे शहर व हवेली, दौंड, इंदापूरची शेती मुख्यत्वे अवलंबून आहे. शहर वाढले म्हणून धरण वाढत नाही. पिण्याच्या पाण्याला पहिला हक्क आहे आणि तो रास्तच आहे. परंतु तुटीच्या वर्षी कात्री लागते ती कालव्याच्या आवर्तनाला.

म्हणून प्रत्येक शहराला तीन प्रश्न विचारावेत :

१) तुटीच्या वर्षीही शेतीचे ठरलेले आवर्तन न मोडता शहराला पाणी पुरते काय?

२) वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होते. ते शुद्ध करून शेतीला परत मिळते काय?

३) बागायती जमीन वगळून मुरमाड, हलक्या जमिनीवर वस्ती वाढते काय?

तिन्ही उत्तरे 'होय' असतील तोवर शहर वाढू द्यावे. एकही 'नाही' आले, तर नवे कारखाने, महाविद्यालये, रुग्णालये तालुक्याच्या गावी न्यावीत. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे शहरालाही लागू आहे.

१९६६ च्या नगररचना कायद्यानुसार विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचना मागविल्या जातात. आपल्या गावाचे नाव त्यात असल्यास नकाशा पाहा, गट क्रमांक तपासा आणि पाणी वापर संस्थेमार्फत आपले म्हणणे मुदतीत लेखी द्या.