निळा फुगा दिसला, तर हात आवरा

आम्ही किनाऱ्यावरच्या एका बचत गटाच्या बाया. आज आमचीच एक चूक सांगणार आहोत, म्हणजे ती तुमच्याकडून होणार नाही.

श्रावणातली सकाळ होती. आम्ही शिंपले वेचायला गेलो होतो. सोबत गटातल्या एका ताईंची आठ वर्षांची लेक होती. रात्रभर वारा सुटलेला, त्यामुळे पुळणीवर छोटे छोटे निळे फुगे पडले होते. पोरीने एक उचलला आणि किंकाळीच फोडली. मनगटावर चाबकाच्या वळासारखी लाल रेघ उठली. आम्ही घाबरून त्यावर वाळू चोळली, लिंबू पिळलं. आग आणखीच वाढली.

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने समजावलं, तेव्हा कळलं. तो ब्लू बॉटल होता. आपण त्याला सरसकट झार म्हणतो, पण तो खरा जेलीफिश नव्हे. तो एक जीवही नाही, अनेक छोट्या जीवांचा संसार आहे. कुणी फुगा होऊन तरंगतो, कुणी शिकार धरतो, कुणी ती पचवतो. त्याला पोहता येत नाही. वारा नेईल तिकडे तो जातो, म्हणून पावसाळी वाऱ्यात आपल्या किनाऱ्याला लागतो.

ओळखायचा कसा? निळसर, काचेसारखी पारदर्शक पिशवी, वर चुणीसारखा तुरा आणि खाली निळा दोरा. हा दोरा कधी कधी आपल्या हातापेक्षाही कितीतरी लांब असतो. विष त्या दोऱ्यात असतं. फुगा मेलेला असला, दोरा तुटून वाळूत पडलेला असला, तरी डसतो.

याच दिवसांत रुपयाच्या नाण्याएवढी गोल चकतीही दिसते. तिच्या कडेने निळी झालर असते, पिशवी नसते. ते ब्लू बटन. त्याचा त्रास कमी, पण अंगाला खाज सुटू शकते. म्हणून त्यालाही हात नको.

डसलाच तर चोळू नका. चिकटलेला दोरा चिमट्याने किंवा काडीने काढा. जागा समुद्राच्याच पाण्याने धुवा. मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं ठेवा. लहान मूल असेल तर पाणी आधी आपल्या हातावर बघा, नाहीतर भाजेल. श्वास लागला, छातीत दुखलं, चक्कर आली किंवा अंगभर गांधी उठल्या, तर थेट दवाखाना गाठा.

ती पोर आता बरी आहे. वाळूत निळं काही दिसलं की तीच आम्हाला ओरडून थांबवते. आता आम्ही पायात चपला घालूनच पुळणीवर जातो आणि पोरांना आधी बजावतो: डोळ्यांनी बघा, हाताने नको. तुम्हीही शेजारणीला एवढं सांगा.