सेवकाची तपासणी, रुग्णाचे रक्षण
(आरोग्य सेवक, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रोगी रुग्णालयात जातो तो बरा होण्यासाठी. तेथे शुश्रूषा करणाऱ्याच्या सहवासातूनच त्याला नवा रोग जडावा आणि त्या सेवकाला त्याची गंधवार्ताही नसावी, याहून मोठे दुर्दैव कोणते? करोनाच्या साथीत जगभरच्या रुग्णालयांपुढे हा धोका उभा राहिला. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. साथ ओसरली तरी तिने दिलेला एक धडा आपण ध्यानी ठेवला पाहिजे. त्याविषयीच मी आज बोलणार आहे.

२००३ साली सार्सची साथ आली होती. त्या रोगात संसर्गाचा धोका मुख्यतः रुग्ण आजारी पडल्यानंतर असे. त्यामुळे ताप आलेल्या माणसाला वेगळे ठेवणे, हा उपाय गुणकारी ठरला. करोनाचा विषाणू त्याच कुळातला. परंतु त्याची रीत निराळी. संसर्ग झाल्यावर सरासरी पाच दिवसांनी लक्षणे दिसू लागतात; मात्र त्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच तो माणूस इतरांना रोग देऊ शकतो. काहींना तर अखेरपर्यंत कोणतेही लक्षण जाणवत नाही. अशा वेळी दारावर ताप मोजून समाधान मानणे म्हणजे स्वतःची फसवणूक करून घेणे होय.

या बाबतीत इंग्लंडमधील तीन रुग्णालयांचा अनुभव उद्बोधक आहे. केंब्रिज येथील ॲडनब्रुक्स रुग्णालयाने एप्रिल २०२० मध्ये, स्वतःला ठणठणीत समजून कामावर येणाऱ्या १,०३२ कर्मचाऱ्यांची तपासणी केली. त्यांपैकी ३१ जणांमध्ये, म्हणजे शंभरात तिघांमध्ये, विषाणू आढळला. ३० जणांकडे अधिक चौकशी करता आली. त्यांतील १७ जणांना लक्षणे मुळीच नव्हती किंवा अगदी किरकोळ होती. १२ जणांना आठवड्याहून अधिक काळापूर्वी त्रास होऊन गेला होता. त्यांतील बहुतेक जण घरी वेगळे राहून, बरे वाटल्यावर परतले होते. बरे झालेल्या माणसातही विषाणूचे अवशेष काही काळ सापडू शकतात. म्हणून तपासणीच्या निष्कर्षाचा अर्थ जाणकाराने लावावा लागतो.

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात मार्च २०२० च्या अखेरीपासून सुमारे ४०० कर्मचाऱ्यांची दर आठवड्यास तपासणी झाली. पहिल्या आठवड्यात ७.१ टक्के कर्मचारी बाधित निघाले. पाचव्या आठवड्यात हे प्रमाण १.१ टक्क्यावर आले. याच काळात शहरातील साथही उतरत होती. सेवकाला रोग केवळ रुग्णाकडूनच होतो असे नाही. तो घरी, बाजारात, प्रवासातही होतो, हे यावरून दिसते. गावातील साथ आणि दवाखान्यातील साथ यांमध्ये भिंत नसते.

तिसरे उदाहरण बर्मिंगहॅमचे. तेथील रुग्णालयांत एप्रिल २०२० मध्ये कर्मचाऱ्यांचे रक्त तपासून पूर्वी कोणाला संसर्ग होऊन गेला आहे, हे पाहण्यात आले. सुमारे २४ टक्के लोकांच्या रक्तात तशी प्रतिपिंडे आढळली. अतिदक्षता विभागात, जेथे अत्यवस्थ रुग्ण असतात, हे प्रमाण १४.८ टक्के होते; तर साफसफाई करणाऱ्यांमध्ये ते ३४.५ टक्के होते! अतिदक्षता विभागात संरक्षक साधने अधिक चांगली होती, हे या तफावतीचे एक संभाव्य कारण होय. ज्यांच्याकडे आपले लक्ष सर्वांत कमी, त्यांच्यापर्यंतच रोग सर्वाधिक पोहोचला होता.

आता आपल्याकडे वळू. आपल्या रुग्णालयांतही आया आहेत, वॉर्डबॉय आहेत, सफाई कामगार आहेत, रुग्णवाहिकेचे चालक आहेत. त्यांपैकी पुष्कळजण कंत्राटी आहेत. एक दिवस घरी बसले तर ज्याची मजुरी बुडते, तो माणूस घशातील खवखव कोणाला सांगेल? तो गोळी घेऊन कामावर येईल, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही. म्हणून पुढील साथीची तयारी करताना तीन गोष्टी आधीच ठरवाव्यात. पहिली, तपासणी डॉक्टरांपासून सफाई कामगारांपर्यंत सर्वांची व्हावी आणि ती ठराविक दिवसांनी पुन्हा पुन्हा व्हावी. कारण आज निर्दोष निघालेला माणूस चार दिवसांनी बाधित निघू शकतो. दुसरी, बाधित सेवकास पगारी रजा मिळावी. तिसरी, जेवणाच्या व विश्रांतीच्या खोलीतही अंतर व खेळती हवा असावी. कारण मुखपट्टी नेमकी तेथेच उतरते.

चौथी गोष्ट शासनाच्या नव्हे, तर आपल्या हाती आहे. २०२० साली देशात अनेक ठिकाणी आरोग्य सेवकांना घरमालकांनी घर सोडण्यास सांगितले. काहींवर हल्लेही झाले. अखेर २२ एप्रिल २०२० रोजी वटहुकूम काढून १८९७ च्या साथरोग अधिनियमात दुरुस्ती करावी लागली आणि अशा हल्ल्यांसाठी शिक्षेची तरतूद झाली. कायद्याने हात रोखता येतो, पण मनातील भीती रोखता येत नाही. बाधित निघालेल्या परिचारिकेच्या मुलाला वर्गात कोणी टोचून बोलू नये, हे शिक्षकांनी पाहावे. तिच्या घरी पाणी आणि किराणा पोहोचेल, हे पंचायतीने पाहावे. तपासणीला जाणे म्हणजे बदनामी ओढवून घेणे, असे सेवकांना वाटू लागले, तर उत्तम प्रयोगशाळाही निरुपयोगी ठरेल.

आजार लपविण्याची पाळी ज्या गावात कोणावर येत नाही, त्या गावातील रुग्ण अधिक सुरक्षित असतो. तसे गाव घडविणे आपणा सर्वांचे काम आहे.