मातीची गाडी आपल्या अंगणात

भिवंडीच्या धामणकर नाक्यावरून आम्ही गटातल्या बाया बोलतोय. आजचा विषय नाटकाचा आहे. संस्कृत नाटक म्हटलं की वाटतं, ते शिकल्यासवरल्यांचं, आपल्याला काय कळणार! पण शूद्रकाचं 'मृच्छकटिक' ऐका. मृच्छकटिक म्हणजे मातीची गाडी. आपल्या लोकनाट्याच्या ढंगात ते करायला घेतलं की फार परकं वाटत नाही.

आधी भाषेचं बघा. आमच्या नाक्यावर दहा मिनिटं उभं राहिलं तर मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू सगळं कानावर पडतं. या नाटकातही तसंच आहे. चारुदत्तासारखे मोजके पुरुष संस्कृत बोलतात. बायका, नोकर, जुगारी, गाडीवान हे सगळे प्राकृत, म्हणजे त्या काळची लोकांची बोली बोलतात, आणि तीही एकसारखी नाही. सूत्रधार संस्कृतात सुरुवात करतो आणि घरात बायकोशी बोलायची वेळ आली की प्राकृतावर येतो! तो भुकेला घरी येतो, तर बायकोचं व्रत चाललेलं. कशासाठी? चांगला नवरा मिळावा म्हणून, तोही पुढच्या जन्मी! तमाशातली बतावणी याहून वेगळी काय असते?

आता गोष्ट. उज्जैनमधली वसंतसेना ही श्रीमंत गणिका. चारुदत्त दानधर्मात गरीब झालेला, बायकोमुलाचा भला माणूस. दोघांचं प्रेम जडतं. वसंतसेना आपले दागिने त्याच्या घरी ठेव म्हणून ठेवते. रात्री भिंतीला भोक पाडून चोर ते नेतो. चोराला ते कशाला हवेत? त्याची मदनिका वसंतसेनेकडे दासी आहे, तिला सोडवायला. वसंतसेनेला हे कळतं आणि ती मदनिकेला एक पैसा न घेता मोकळं करते. इकडे चारुदत्ताची बायको धूता नवऱ्याच्या शब्दाला बट्टा लागू नये म्हणून माहेरचा रत्नहार काढून देते. पुढे चारुदत्ताचा मुलगा सोन्याच्या गाडीसाठी रडतो, तेव्हा वसंतसेना अंगावरचे दागिने उतरवून त्याच्या मातीच्या गाडीत भरते.

मग होतो घोटाळा. गावाकडच्या गाड्यांनी रस्ता अडतो. राजाच्या मेव्हण्याचा, शकाराचा गाडीवान चारुदत्ताच्या दाराशी गाडी थांबवून दुसऱ्याचं रुतलेलं चाक काढायला जातो, आणि वसंतसेना चुकून त्याच गाडीत बसते. आमच्यासारखं रोज नाक्यावर अडकणाऱ्यांना हा प्रवेश समजावून सांगावा लागत नाही. बागेत शकार तिचा गळा दाबतो आणि खुनाचा आळ चारुदत्तावर घालतो. कोर्टात ते दागिनेच पुरावा ठरतात, मृत्युदंडाचा हुकूम होतो. पण वसंतसेना मेलेली नसते. तिनं पूर्वी एका कर्जबाजारी जुगाऱ्याचं देणं फेडलं होतं. तो आता भिक्षू झालाय, तोच तिला वाचवतो. ती वेळेवर येऊन उभी राहते आणि चारुदत्त सुटतो.

हे लोकनाट्याच्या अंगानं करणारे आपण पहिले नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' आणलं, तेव्हा साकी, दिंडी अशा लोकांच्या कानावरच्या चाली घेतल्या. गोविंद बल्लाळ देवलांनी 'मृच्छकटिक' मराठीत संगीत नाटक म्हणून आणलं. हबीब तन्वीर यांनी 1958 साली दिल्लीत 'मिट्टी की गाडी' केलं, त्यात छत्तीसगढच्या नाचाचे गावकरी कलाकार घेतले. नाचा म्हणजे आपल्या भंडारा-गोंदियाकडच्या खडीगंमतीचा शेजारी. पुढे तन्वीर यांनी या कलाकारांना त्यांच्या स्वतःच्या छत्तीसगढीत बोलू दिलं, तेव्हा त्यांचं काम खरं खुललं. म्हणून आम्ही सांगतो, पुस्तकी मराठीच्या मागे लागू नका. आगरी येते, आगरीत बोला.

मांडणी सोपी आहे. सुरुवातीला नांदी, तिथं आपला गण. विदूषक म्हणजे सोंगाड्या. शकार 'स'च्या जागी 'श' बोलतो आणि पुराणातली नावं भलतीकडे जोडतो, त्याला हशा मिळतोच. जागा बदलायची तर रंगमंचावर एक गिरकी घ्यायची. घरातून बाग, बागेतून कोर्ट! जुन्या संस्कृत नाटकातही असंच फिरून जागा बदलत. पडदा, खांब, महाल काही नको. दहा अंकांतून चोरी, गाडी, अदलाबदल, कोर्ट एवढं घ्या, तासाभरात होतं. दागिन्यांची एक पुरचुंडी करा. ती हातातून हातात फिरली की गोष्ट आपोआप कळते.

आता अडचणीचं बोलू. वसंतसेना कोण करणार? गणिका म्हटल्यावर घरचे कुरकुरतात, गाव नावं ठेवतं. देवलांच्या काळी बायकांची कामं पुरुषच करत. आजही सोपी पळवाट म्हणजे तिला एक लावणी देऊन मोकळं व्हायचं, किंवा तिचं कामच कापायचं. तसं केलं तर नाटकच उरत नाही. ठेव ठेवणारी ती, देणं फेडणारी ती, दासीला मोकळी करणारी ती, शेवटी खरं सांगून जीव वाचवणारीही तीच. ठेव, कर्ज आणि शब्द पाळणं हे बचत गटातल्या बाईला कुणी शिकवायला नको. शेवटी नवा राजा तिला 'वधू'चा मान देतो. तो मान का द्यावा लागला, हा प्रश्न प्रयोगानंतर गावात बोलला जावा.

आम्ही असं ठरवलं, की हे काम एकीवर टाकायचं नाही. दर प्रवेशाला पुरचुंडी जिच्या हाती येईल ती वसंतसेना. मग बोट दाखवायचं तर सगळ्यांकडे दाखवावं लागेल! धूताचं कामही तेवढ्याच मानानं करायचं, कारण माहेरचा हार उतरवताना काय वाटतं ते आपल्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे.

गणपतीत किंवा 8 मार्चला करून बघा. पुढच्या बैठकीत आधी गोष्ट नुसती सांगा, आणि कोण कुठे हसतं, कोण कुठे गप्प होतं, ते बघा. प्रवेश तिथूनच बांधायला घ्या.