परदेशातून आलेला चार्जर

अमेरिकेहून आलेल्या भावाने बॅगेतून चार्जर काढून हातात ठेवला, की सॉकेटला लावण्याआधी तो उलटा करून पाहा. बारीक अक्षरांत ‘इनपुट’पुढे 100 ते 240 व्होल्ट छापलेलं असेल, तर आपल्याकडे चालेल. नुसतं 120 असेल, तर मात्र लावूच नका! आपल्या घरात 230 व्होल्ट येतात, आणि बाजारातला अडॅप्टर फक्त पिना बदलतो, व्होल्टेज नाही. त्यासाठी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही उपकरणापेक्षा जास्त वॅटचा. चार्जरच्या चपट्या पिना अडॅप्टरमध्ये सैल बसल्या की आत चरचर होते, ठिणगी उडते, प्लास्टिक तापून पिवळं पडतं. असा अडॅप्टर कृपा करून फेकूनच द्या. आणि हो, रात्री उशीखाली मोबाइल चार्जिंगला ठेवत असाल, तर आजच ती जागा बदला.