कोरडी थंडी आणि ओली थंडी



आपल्या जुन्नर-आंबेगावात बर्फ पडत नाही. पण पौषातल्या पहाटे मीनेच्या किंवा घोडनदीच्या काठच्या मळ्यात कुणी जरा उभे राहून पाहावे, दात वाजल्यावाचून राहायचे नाहीत. गावठाण उंचावर आणि मळा खाली असला, तर दोन्हीकडचा गारठाही निराळा. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमिनीतली ऊब आभाळाकडे निघून जाते. जमिनीलगतची हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखी उताराने वाहत जाऊन खळग्यात साचते. महाबळेश्वर गावात पारा शून्याच्या वर असताना वेण्णा तलावाकाठी दवाचे हिमकण होतात, ते यामुळेच.

गुरुजींनी हे मुलांकडून पडताळून घ्यावे. एक तापमापक गवतालगत ठेवावे, दुसरे मुलाच्या छातीइतक्या उंचीवर टांगावे, आणि ऊन पडायच्या आत दोन्ही वाचावीत. वेधशाळेचा आकडा असतो तो साधारण चार फुटांवरच्या पेटीतला. पिकाला सोसावी लागते ती खालची थंडी. म्हणून तर नारायणगावकडचे द्राक्षवाले अशा पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि विहिरीचे पाणी सोडतात. विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते, हे पहाटे आंघोळ करणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

ही झाली कोरडी थंडी. माणूस घोंगडी पांघरून, शेकोटीशी बसून ती काढतो. मला आज बोलायचे आहे ते ओल्या थंडीविषयी, कारण तिची आपण पुरेशी धास्ती घेत नाही.

डिसेंबर २०२१ च्या आरंभी आपल्या भागात अवकाळी पाऊस लागला आणि सोबत गार वारा सुटला. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या तालुक्यांत उघड्यावर बसलेल्या शेकडो मेंढ्या दगावल्या. आभाळ भरलेले होते, म्हणजे निरभ्र पहाटेइतका पारा काही उतरलेला नव्हता. मग मेंढ्या मेल्या कशाने? लोकरीत अडकलेली हवा हीच मेंढीची गोधडी. लोकर भिजली की ती हवा जाते, आणि वारा अंगातली ऊब ओढून नेतो. त्यात पोट रिकामे असले तर आतली आगटीही विझते. धनगराचे सारे भांडवल चार पायांवर चालते. रात्रीतून वाघुरीत वीस मेंढ्या आडव्या झाल्या, तर त्या घराचे वर्षच बुडाले.

आपण खतासाठी मेंढ्या शेतात बसवून घेतो. मग पावसाचा इशारा कानी आला, तर वाडा उघड्यावर ठेवू नये. डिसेंबरात कांद्याच्या चाळी बहुधा रिकाम्या झालेल्या असतात. वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री बांधली, की कोकरांपुरता तरी निवारा होतो. भिजलेले कोकरू गोणपाटाने खसाखसा पुसावे. ते गारठून निपचित पडले असेल, तर घाईने तोंडात दूध ओतू नये. ते फुप्फुसात जाते. आधी ऊब द्यावी, मान धरू लागले की मग दूध.

माणसाचेही तेच. रात्रीची वीज आली की घरचा कर्ता दारे धरायला जातो. उसात बिबट्याची भीती, ती वेगळीच. पहाटे परततो तो गुडघ्यापर्यंत भिजलेला. घरच्यांनी चहाची घाई करण्याआधी कोरडे धोतर-पायजमा पुढे करावा, चहा मागाहून. अंगणवाडीतल्या पोरांचेही सकाळी दवाने भिजलेले पाय पुसून मग बसवावे.

आणखी एक. निखाऱ्यांची शेगडी खोलीत घेऊन दारे-खिडक्या लावून झोपण्याची रीत काही घरांत आहे, विशेषतः बाळंतिणीच्या खोलीत. निखाऱ्यातून निघणाऱ्या विषारी वायूला ना रंग, ना वास. झोपेतच माणूस जातो, शेजारच्याला पत्ता लागत नाही. शेक घेऊन झाला की शेगडी बाहेर ओट्यावर ठेवावी, आणि बाळाला आईच्या अंगाशी, टोपडे घालून, एकाच गोधडीत निजवावे.