बाळाचा पाळणा



मूल ४-५ महिन्यांचे झाले, की हातपाय झाडते, उपडे होते. पाळण्याची दोरी व कडी रोज पाहावी. पाळणा फार उंच टांगू नये.

बाळाला उताणे निजवावे. अंथरूण सपाट व घट्ट असावे. उशी, दुलई आत नको. त्यात नाक दबले, तर बाळाला ओरडताही येत नाही. गळ्यात दोरा-ताईत नको. थंडी असली, तर जाड अंगडे घालावे. पण हात बांधू नयेत. उपडे झाल्यावर त्याला हातांचाच आधार असतो.

आपण म्हणतो, "पाळण्यात आहे, काळजी नाही." पण बाळ उपडे होऊ लागले किंवा हातांवर उठू लागले, की पाळणाच धोक्याचा. मग खाली अंथरूण घालावे. जमिनीवरून कोणी पडत नाही.