धास्तीचे मोजमाप



मागील भाषणानंतर आलेल्या पत्रांचा गठ्ठा समोर घेऊन बसलो आहे. पत्रलेखकांपैकी कोणी कामगार संघटनेचे चिटणीस, कोणी कारखान्यातील कामगार अधिकारी, तर कोणी पतपेढीचे व्यवस्थापक आहेत. परंतु प्रश्न सर्वांचा एकच, आणि तो असा की, 'नोकरी जाणार ही धास्ती आमच्याकडे सगळ्यांच्याच मनात बसली आहे. प्रश्नावली भरून घेऊन सरासरी काढली, म्हणजे ती मोजली गेली असे समजावे काय?' समजू नये. हे मी पूर्वीही सांगितले होते, आणि आजही मुख्यतः तेवढेच सांगणार आहे.

नोकरी जाणे ही घटना. ती जाईल असे वाटणे ही मनःस्थिती. जी नोकरी टिकावी अशी आपली इच्छा आहे ती धोक्यात दिसते आणि तिचे रक्षण करणे आपल्या हाती नाही असे वाटते, त्या अवस्थेला ग्रीनहाल्ग व रोझेनब्लाट या अभ्यासकांनी 1984 साली नोकरीची असुरक्षितता म्हटले. नोकरी राहील, पण हुद्दा, पाळी किंवा बढती जाईल, ही भीती वेगळी; तिचे प्रश्न वेगळे ठेवावेत.

आता सामूहिक धास्तीकडे वळू. 'माझी नोकरी जाईल असे मला वाटते' हे विधान आणि 'माझ्या खात्यात पुष्कळांना नोकरी जाण्याची काळजी वाटते' हे विधान, ही दोन सर्वस्वी निराळी आहेत. कारण सेवानिवृत्तीस सहा महिने उरलेला जुना कारकून स्वतःविषयी निश्चिंत असूनही, भोवतालचे तरुण डबा खाताना काय कुजबुजतात हे पुरेपूर जाणून असतो. स्टॉकहोममधील संशोधकांनी या दुसऱ्या प्रकारच्या विधानांचीच स्वतंत्र मोजपट्टी तयार केली आहे. आपणही दोन्ही प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरे एकमेकांत मिसळू नयेत.

आणि आता ती सरासरी! कृपा करून कागद-पेन्सिल घ्या. उत्तरासाठी 1 ते 5 अशा पायऱ्या आहेत; 1 म्हणजे मुळीच मान्य नाही, 5 म्हणजे पूर्ण मान्य. एका खात्यातील दहा माणसांपैकी पाच जणांनी 1 लिहिले, पाच जणांनी 5, सरासरी 3. शेजारच्या खात्यात दहाही जणांनी 3 लिहिले; सरासरी 3. आता वरिष्ठांच्या टेबलावर जाणाऱ्या तक्त्यात ही दोन खाती जुळी भावंडे दिसतील, आणि प्रत्यक्षात एका खात्यात सर्वांची मनःस्थिती एक आहे, तर दुसऱ्यात अर्धी माणसे निर्धास्त व अर्धी हवालदिल आहेत, म्हणजे सामूहिक असे तेथे काहीच नाही. म्हणून सरासरीच्या आधी मतैक्य पाहावे. प्रत्येक उत्तर सरासरीपासून किती दूर आहे ते काढा, त्या अंतरांचे वर्ग करून त्यांची बेरीज करा, आणि माणसांच्या संख्येतून एक वजा करून तिने भागा. हे झाले प्रचरण. पाच पायऱ्यांवर लोकांनी डोळे मिटून खुणा केल्या तर ते सुमारे 2 येते. आपल्या प्रचरणाला 2 ने भागून तो भागाकार 1 मधून वजा केला की मतैक्याचा अंक मिळतो. ही रीत जेम्स, डेमेरी व वुल्फ यांनी 1984 साली मांडली. आठ जणांनी 4, एकाने 3 आणि एकाने 5 लिहिले, तर हा अंक 0.89 येईल, 0.70 च्या वर गेला म्हणजे समूहाविषयी बोलण्यास हरकत नाही, असा शिरस्ता आहे. अंक त्याखाली असेल, तर सरासरी लिहूच नका. पुन्हा सांगतो, लिहूच नका!

मतैक्य का फुटते, हे मुंबईच्या गिरणीकामगारांच्या घरात वाढलेल्यांना सांगावे लागणार नाही. साचेखात्यात कायम कामगार आपल्या साच्यावर जाऊन उभा राही. बदली कामगार मात्र पाळीच्या वेळी दारात ताटकळे आणि कोणी गैरहजर असेल तरच त्याला काम मिळे. खाते एक, कापूस एक, भोंगाही एकच. परंतु त्या दोघांच्या धास्तीची सरासरी ही कोणाचीच धास्ती नव्हे. आज बदलीच्या जागी कंत्राटी आला आहे, एवढाच फरक. कायम व कंत्राटी यांची उत्तरे वेगळी मांडल्यावाचून सरासरीला हात लावू नका.

बाकीचे थोडक्यात. बोनसच्या किंवा करारवाटाघाटींच्या आठवड्यात मोजणी करू नये. पाचापेक्षा लहान गटाचे आकडे जाहीर करू नयेत. नाव लिहून घेऊ नये.

नावाचे लिहून ठेवलेल्या टिपणात नव्हते, पण आता राहवत नाही म्हणून सांगतो. एका कारखान्यात माझ्या सांगण्यावरून प्रश्नावलीतील नावाची ओळ काढली. आणि हिशेबाला सोपे जावे म्हणून तेथील कारकुनाने तिच्या जागी टोकन नंबर छापून घेतला! अहो, टोकन नंबर म्हणजे नाव नव्हे तर काय? उत्तरे आली साठ. एकोणसाठ जणांनी स्वच्छ 1 लिहिला होता, म्हणजे कोणालाही कसलीही काळजी नाही. मतैक्याचा अंक पूर्ण 1 आला आणि साहेबांनी मला पेढा दिला. साठाव्या कागदावर उत्तरांच्या जागा कोऱ्या होत्या, आणि वरचा टोकन नंबर तेवढा ब्लेडने खरवडून काढलेला होता. पेढा मी खाल्ला, परंतु अहवालावर सही केली नाही. पुढे तीन महिन्यांनी, नंबर नसलेले कागद आणि कुलपाची पेटी उपाहारगृहाच्या दाराशी ठेवून, ती मोजणी आम्ही पहिल्यापासून केली.